ऋतू, रान आणि चौकट : वन्यजीव-छायाचित्रणाची भ्रमंती आणि मराठी अरण्यलेखन

प्रस्तावना

गेल्या दोन-तीन दशकांत महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्गाच्या प्रवासविषयक कल्पनेत लक्षणीय बदल झालेला दिसतो. तीर्थयात्रा, थंड हवेची ठिकाणे आणि गडकिल्ले यांच्या जोडीला कॅमेरा घेऊन केलेली अरण्यभ्रमंती आता रूढ झाली आहे. फाल्गुनात पळस, वैशाखात पाणवठ्यावरचा वाघ, मार्गशीर्षात धुक्यातील तलाव आणि पाहुणे पक्षी असे तिचे एक वेळापत्रकच तयार झाले आहे. खानदेशातील महाविद्यालयांतील प्राध्यापकही त्याला अपवाद नाहीत. उन्हाळी सुट्टी लागताच ताडोबा, पेंच किंवा मेळघाट यांचे आरक्षण करणारे सहकारी आपल्यापैकी प्रत्येकाच्या परिचयाचे असतील. प्रस्तुत लेखकही त्यांपैकी एक आहे, ही गोष्ट प्रारंभीच नमूद करणे उचित ठरेल.

या भ्रमंतीतून निर्माण होणारी छायाचित्रे आज विपुल आहेत, परंतु त्यांची समीक्षा मात्र जवळजवळ होत नाही. कवितेतील निसर्गाची आपण चिकित्सा करतो, छायाचित्रातील निसर्गाला मात्र 'सुंदर' एवढेच म्हणून पुढे जातो. छायाचित्र म्हणजे प्रत्यक्ष वास्तवच, असा समज त्यामागे असावा. वस्तुतः छायाचित्र हीदेखील एक निवड असते. काय घ्यावे, काय वगळावे आणि केव्हा जावे या तीन निर्णयांतून ते घडते. म्हणून ज्या निकषांवर आपण ललित लेखन तपासतो, त्याच निकषांवर ही छायाचित्रेही तपासता येतील, या गृहीतकावर हा लेख उभा आहे. तुलनेसाठी दुर्गा भागवत, व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांचे अरण्य व ऋतुविषयक लेखन घेतले असून, काळ, भाषा आणि माणूस या तीन अंगांनी विवेचन केले आहे. अखेरीस खानदेशातील एका पक्ष्याचे उदाहरण तपासले आहे.

१. पार्श्वभूमी : बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे

भारतातील वन्यजीव-छायाचित्रणाचा इतिहास शिकारीच्या इतिहासाला लागूनच सुरू होतो. वनखात्यातील ब्रिटिश अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात वाटेवर तार लावून, तिला प्राण्याचा धक्का लागताच आपोआप छायाचित्र निघेल अशी योजना केली आणि रात्रीच्या अंधारातील वाघाची छायाचित्रे मिळविली. त्यांचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. प्राणी न मारताही रानातून काही आणता येते, हा विचार त्या काळी नवा होता. पुढे जिम कॉर्बेट यांच्यासारखा शिकारीही कॅमेऱ्याकडे वळला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित क्षेत्रातील प्रवेशाची जी प्रयोजने मान्य केली, त्यांत संशोधन आणि पर्यटन यांच्याबरोबर छायाचित्रणाचाही स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे छायाचित्रण हे अरण्यात जाण्याचे एक कायदेशीर आणि प्रतिष्ठित कारण ठरले.

महाराष्ट्रात ताडोबा हे १९५५ साली घोषित झालेले राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान होय. मेळघाट हा देशातील प्रारंभीच्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. आज राज्यात सहा राष्ट्रीय उद्याने आणि सहा व्याघ्र प्रकल्प आहेत. शिकारीपासून दर्शनाकडे झालेला हा प्रवास निःसंशय स्वागतार्ह आहे. तथापि शिकारीच्या मानसिकतेतील एक घटक या प्रवासात तसाच टिकून राहिला, तो म्हणजे फलिताची अपेक्षा. पूर्वी रानातून कातडे आणले जाई, आता चित्र आणले जाते. रिकाम्या हाताने परतणे हे दोन्ही प्रसंगी अपयशच समजले जाते.

२. काळ : सहली आणि मुक्काम

छायाचित्रकाराचा ऋतू आणि ललित लेखकाचा ऋतू यांत मूलभूत फरक आहे. दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६) हे पुस्तक मराठी महिन्यांच्या क्रमाने निसर्गाचा मागोवा घेते. त्यात कोणताही महिना दुसऱ्यासाठी सोडून दिलेला नाही. ज्या महिन्यात डोळ्यांत भरण्याजोगे काही घडत नाही, त्या महिन्यालाही त्यात स्वतःचे स्थान आहे. ऋतू म्हणजे एखादे दृश्य नसून संक्रमण आहे, ही जाण त्या रचनेमागे आहे.

छायाचित्रण-सहलीच्या दिनदर्शिकेत मात्र बारा महिने नसतात. व्याघ्र प्रकल्पांचे गाभाक्षेत्र पावसाळ्यात, सामान्यतः जुलै ते सप्टेंबर, पर्यटनासाठी बंद असते. ही बंदी योग्यच आहे आणि ती उठवावी असे येथे मुळीच सुचवायचे नाही. परंतु तिचा एक सांस्कृतिक परिणाम ध्यानात घेण्यासारखा आहे. छायाचित्रांतून ज्याला अरण्य कळते, त्याच्या अरण्यात आषाढ-श्रावण येतच नाहीत. ज्या श्रावणाने मराठी निसर्गकवितेला तिची सर्वांत लोकप्रिय रूपे दिली आणि धरणगावी जन्मलेल्या बालकवींच्या रूपाने खानदेशाला मराठी कवितेत मानाचे स्थान दिले, तो श्रावण या चित्रसंग्रहांतून गळून पडतो. बीज रुजणे, गवत वाढणे, किडा-मुंगीची पैदास होणे, म्हणजे ज्यावर पुढील आठ महिन्यांचे सारे वन्यजीवन अवलंबून असते ते सर्व, चौकटीबाहेर राहते. प्रेक्षकाला कार्य दिसते, कारण दिसत नाही.

उन्हाळ्याच्या छायाचित्रांची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. वैशाखात पानझडी रान उघडे होते, ओढे आटतात आणि वन्यप्राणी मोजक्या पाणवठ्यांवर येतात. म्हणूनच छायाचित्रकारांना हा हंगाम प्रिय असतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राण्यांची नोंद घेण्याचा प्रघातही याच वस्तुस्थितीवर आधारलेला आहे. पाणी पिणाऱ्या वाघाचे चित्र पाहताना आपण त्याला सौंदर्याचा क्षण म्हणतो, परंतु तो टंचाईचाही क्षण असतो. ताडोबासारख्या ठिकाणी अनेक पाणवठे कृत्रिम असून त्यांपैकी काहींना सौरपंपाद्वारे पाणी पुरविले जाते. वाघ, पाणी आणि त्याचे प्रतिबिंब चित्रात येते, पंप येत नाही. शिंदखेड्यासारख्या सदैव टंचाईग्रस्त तालुक्यात राहणाऱ्या आणि बुराई नदीचे कोरडे पात्र वर्षानुवर्षे पाहणाऱ्या वाचकाला पाण्याच्या त्या चित्रातील वगळलेला भाग जाणवावा, अशी अपेक्षा चुकीची ठरू नये.

माडगूळकरांचे 'नागझिरा' या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचण्यासारखे आहे. माडगूळकर स्वतः चित्रे काढीत. त्यांची नजर चित्रकाराचीच होती. तरीही हे पुस्तक मुक्कामाचे आहे, सहलीचे नाही. व्याघ्रदर्शन झाले की नाही, यावर त्याचे मोल ठरत नाही. रानात राहणे, बसून राहणे, त्याच पायवाटेने पुन्हा जाणे यांतून त्यातील अनुभव साकारतो. किरण पुरंदरे यांचे 'सखा नागझिरा' हेही दीर्घ निवासातूनच घडलेले पुस्तक आहे. याउलट आजची सफारी ठरावीक तासांची, ठरावीक प्रवेशद्वारातून आणि ठरावीक रस्त्यावरूनच होते. हे निर्बंध वन्यजीवांच्या हिताचे आहेत. मात्र अशा सफारीतून मिळालेल्या चित्राला 'अरण्याचा अनुभव' म्हणणे ही अतिशयोक्ती आहे. तो अरण्यातील एका रस्त्याचा अनुभव होय.

३. भाषा : नाव देणे आणि नाव जाणणे

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे मराठीला सर्वांत मोठे देणे कोणते, असा प्रश्न विचारला तर त्यांनी दिलेले शब्द, हे उत्तर द्यावे लागेल. वनखात्यातील प्रदीर्घ सेवेत नवेगावबांध, नागझिरा आणि मेळघाट येथील वास्तव्यात त्यांनी वनवासी, ढीवर आणि कोहळी समाजातील जाणत्यांकडून पशुपक्ष्यांची, वृक्षांची आणि त्यांच्या व्यवहारांची नावे गोळा केली. बगळ्या-करकोच्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' असे शब्द त्यांनी मराठीत रुळविले. नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्या माणसाचे ऋण त्यांनी आपल्या लेखनात वारंवार मान्य केले. येथे शब्द ही पाहण्याची पूर्वअट आहे. ज्याला नाव नाही, ते रानात दिसतही नाही.

छायाचित्रणाच्या भ्रमंतीनेही एक परिभाषा निर्माण केली आहे. 'सायटिंग झाले', 'हेड-ऑन मिळाला', 'कॉल चालू आहेत' अशी वाक्ये सफारीच्या वाहनात सतत कानी पडतात. इंग्रजी शब्द वापरले म्हणून या परिभाषेला दोष देणे संकुचितपणाचे होईल. दोष तिच्या आवाक्याचा आहे. ती केवळ प्राप्तीची भाषा आहे. वाघाच्या चाहुलीने चितळाने दिलेला इशारा तिच्यात वाघाचा पत्ता ठरतो, चितळाचे भय ठरत नाही.

वाघांना नावे देण्याची प्रथा हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू. नागझिऱ्याहून उमरेड-कऱ्हांडल्यात आलेला 'जय' आणि ताडोबातील 'माया' ही नावे हजारो छायाचित्रांमुळे घरोघरी पोहोचली. जय २०१६ मध्ये दिसेनासा झाला आणि माया २०२३ मध्ये. दोन्ही वेळी समाजात हळहळ व्यक्त झाली, शोध घ्यावा अशी मागणी झाली. नाव आणि चित्र यांच्या योगे एका वन्य प्राण्याविषयी इतकी आस्था निर्माण व्हावी, ही या माध्यमाची शक्तीच म्हटली पाहिजे. परंतु नायक निर्माण झाला की बाकीचे रान पार्श्वभूमी होते, हा कथनाचा नियम येथेही लागू पडतो. ज्या संचारमार्गाने जय नागझिऱ्याहून उमरेडला आला, त्या मार्गाचे छायाचित्र कोणाच्याही भिंतीवर नाही.

या आकर्षणाचे टोक २०२४ च्या वर्षअखेरीस दिसले. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पिल्लांची वाट पर्यटकांच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी अडविली. त्या घटनेची चित्रफीत सर्वत्र पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तिची स्वतःहून दखल घेतली. समीक्षेच्या दृष्टीने यातील अर्थपूर्ण गोष्ट अशी की, गुन्ह्याचा पुरावाही कॅमेऱ्यानेच दिला. आपण जी चित्रे जपतो त्यांत वाघ एकटा असतो. त्याच्या भोवतीची वाहने दाखविणारे चित्र मात्र अपवादानेच निघते.

४. माणूस : छाटलेली राख

येथे एक वैयक्तिक अनुभव नोंदवितो. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात शिरपूर तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी मी एका मोहाच्या झाडाची छायाचित्रे घेतली. पानगळ झालेली होती, सकाळचे तिरपे ऊन फांद्यांवर पडले होते. केवळ झाडाखालची जमीन जळून काळी पडलेली होती. ती मला दृश्याचा भंग करणारी वाटली. म्हणून छपाईपूर्वी चित्राचा खालचा भाग मी छाटून टाकला. महाविद्यालयाच्या निसर्ग मंडळाच्या कार्यक्रमात ती चित्रे दाखविताना छाटलेल्या चित्रानंतर चुकून मूळ चित्रही पडद्यावर आले. तेव्हा त्याच भागातून आलेला, पावरा समाजातील प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हेच खरं आहे. फुलं वेचायला पालापाचोळा जाळून जागा साफ करतात. राख आहे म्हणजे त्या झाडाला घर आहे."

'त्या झाडाला घर आहे' याचा अर्थ त्याने विचारल्यावर उलगडून सांगितला. ते झाड कोणत्या कुटुंबाने वेचायचे हे ठरलेले असते. पहाटे टोपल्या घेऊन बायका-मुले येतात. मी जेथे पोहोचलो ती वेळ वेचणी आटोपल्यानंतरची होती. पालापाचोळा जाळण्याच्या या पद्धतीमुळे वणवे लागतात, हे वनखात्याचे म्हणणेही खरे आहे आणि त्या विद्यार्थ्यालाही ते ठाऊक होते. परंतु मुद्दा असा की, चित्रात जो भाग मला दोष वाटला, त्या भागातच त्या ऋतूचा सर्व अर्थ होता. मी ऋतूचे चित्र घेतले आणि ऋतू छाटला.

हा दोष व्यक्तिगत असला तरी केवळ व्यक्तिगत नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या छायाचित्रणाचे सौंदर्यशास्त्रच निर्मनुष्य अरण्याच्या कल्पनेवर उभे आहे. ताडोबातील बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारख्या गावांचे पुनर्वसन झाल्यानंतर तेथील मोकळ्या जागांवर कुरणे तयार झाली आणि तेथे आज उत्तम छायाचित्रे मिळतात. पुनर्वसनाचे धोरण बरे की वाईट, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तथापि त्या कुरणातील चितळांचे चित्र पाहताना ती गावठाणाची जागा आहे, हे पाहणाऱ्याला कळण्याचा कोणताही मार्ग चित्रात नसतो. चितमपल्लींच्या लेखनात अरण्य आणि अरण्यातील माणूस एकाच वाक्यात येतात. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या 'सत्तांतर'मध्ये माणूस जवळजवळ नाही, परंतु तेथे माडगूळकरांनी वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्ष हाच आशय केला आहे. माणसाची अनुपस्थिती ही तेथे विचारपूर्वक केलेली निवड आहे, छाटणी नव्हे.

५. रानपिंगळा : खानदेशाचे उदाहरण

छायाचित्राची शक्ती आणि मर्यादा या दोहोंचे उत्कृष्ट उदाहरण आपल्याच परिसरात आहे. रानपिंगळा अथवा वनपिंगळा या लहान घुबडाची शास्त्रीय नोंद ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली केली. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची खात्रीशीर नोंद मिळेना. मिनर्ट्झहागन यांनी १९१४ साली गुजरातेत मिळविल्याचा दावा केलेला नमुना हा संग्रहालयातील जुना नमुना चोरून, नवी चिठ्ठी लावून दिलेला होता, असे पुढे सिद्ध झाले. मधल्या काळात छायाचित्राच्या आधारे केलेला दावाही टिकला नाही, कारण त्यातील पक्षी नेहमीचा ठिपकेदार पिंगळा निघाला. म्हणजे चिठ्ठीही खोटी ठरली आणि चित्रही अपुरे ठरले.

अखेर पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकन अभ्यासकांनी जुन्या नमुन्यांवरील खऱ्या स्थळनोंदींचा माग काढला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात त्यांना हा पक्षी दिसला. ११३ वर्षांनंतरच्या या भेटीची छायाचित्रे व चित्रफीत त्यांनी घेतली आणि या वेळी तो पुरावा निर्णायक ठरला. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे ही घटना अविभाजित धुळे जिल्ह्यातील आहे, हेही येथे नोंदवून ठेवावे. दोंडाईचा ओलांडून सारंगखेड्याच्या पुलावरून तापी पार केली की आपण याच परिसरात पोहोचतो. पुढे मेळघाट आणि यावल अभयारण्यातही रानपिंगळ्याचे अस्तित्व नोंदले गेले, तर २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात तो आढळला.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, छायाचित्र पुरावा होते ते पाहणाऱ्याच्या ज्ञानामुळे. डोक्यावर ठिपके जवळजवळ नसणे, छातीचा गडद रंग, पंख व शेपटीवरील ठळक पट्टे हा भेद ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठीच ते चित्र बोलते. दुसरी, या पक्ष्याचे रान राष्ट्रीय उद्यानातील प्रेक्षणीय रान नाही. ते शुष्क, पानझडी, सागाचे, काहीसे विरळ असे रान आहे. हा पिंगळा दिवसाही वावरतो आणि उघड्या फांदीवर बसतो. म्हणजे तो लपलेला नव्हता. आपणच पाहत नव्हतो. जिल्ह्याच्या सीमेवरील या रानाकडे पाठ फिरवून आपण पाचशे किलोमीटरवरील वाघाकडे जातो, यात आपल्या सौंदर्यदृष्टीची परीक्षा आहे.

६. संभाव्य आक्षेप

येथवरच्या विवेचनावर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा की, छायाचित्रांमुळेच संवर्धनास लोकमत मिळाले. हा आक्षेप बहुतांशी मान्य करावा लागेल. सरिस्का येथील वाघ नाहीसे झाल्याचे २००५ मध्ये उघडकीस आल्यानंतर पाऊलठशांवर आधारलेली गणना मागे पडली आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखणारे स्वयंचलित कॅमेरे तिच्या जागी आले. छायाचित्राविना आजचे व्याघ्रविज्ञान उभेच राहू शकत नाही. पर्यटनातून गाभाक्षेत्राभोवतीच्या गावांतील तरुणांना मार्गदर्शक व वाहनचालक म्हणून रोजगार मिळाला, हेही खरे. दुसरा आक्षेप असा की, साहित्य आणि छायाचित्र यांची तुलनाच अप्रस्तुत आहे, कारण लेखकाजवळ पाने असतात आणि छायाचित्रकाराजवळ एक क्षण. यावर उत्तर असे की, एका चित्राकडून कोणी ऋतुचक्राची अपेक्षा करीत नाही. प्रश्न चित्रांच्या संग्रहाचा आणि त्यामागील निवडीच्या सवयीचा आहे. एकाच क्षणाची दहा हजार चित्रे जेव्हा निघतात, तेव्हा उरलेले क्षण कोणी घ्यावयाचे, असा प्रश्न विचारणे हे समीक्षेचे कामच आहे.

निष्कर्ष

१. वन्यजीव-छायाचित्रणाच्या भ्रमंतीने शिकारीची हिंसा टाळली, परंतु फलिताची अपेक्षा टिकवून ठेवली.

२. या छायाचित्रणातील ऋतू हा दृश्याच्या सोयीने निवडलेला असतो. त्यामुळे पावसाळा वगळला जातो आणि उन्हाळ्यातील टंचाई सौंदर्य म्हणून समोर येते.

३. मराठी अरण्यलेखनाने मुक्काम, शब्द आणि अरण्यातील माणूस यांच्या आधारे जी दृष्टी घडविली, ती छायाचित्रकारालाही उपयोगी आहे. दोन्ही माध्यमांत विरोध असण्याचे कारण नाही.

४. रानपिंगळ्याच्या उदाहरणावरून छायाचित्राचे मोल ज्ञानावर अवलंबून असते आणि अप्रसिद्ध रानही पाहण्याजोगे असते, हे सिद्ध होते.

महाविद्यालयीन पातळीवर यातून एक साधा उपक्रम संभवतो. निसर्ग मंडळाने दूरच्या उद्यानाची एक सहल जरूर काढावी. परंतु त्याबरोबर गावाजवळचे एकच ठिकाण, मग ते बुराईचे पात्र असो, मुडावदचा तापी-पांझरा संगम असो वा सातपुड्याच्या पायथ्यावरील एखादे झाड असो, वर्षभर दर महिन्याला त्याच जागेवरून टिपावे. चित्राखालील ओळ अहिराणीत किंवा पावरीत लिहिण्याचे काम त्या भाषेच्या विद्यार्थ्याकडे द्यावे. घरट्याची जागा उघड करू नये आणि पक्ष्याला ध्वनिमुद्रित आवाजाने बोलावू नये, एवढे पथ्य पाळावे. आमच्या विभागाच्या फलकावर मोहाचे ते चित्र आता राखेसह लावलेले आहे. त्याखालील ओळ त्या विद्यार्थ्याने लिहिली असून, झाड ज्या कुटुंबाचे आहे त्यांचे नाव लिहावे की नाही, याबद्दल तो घरी विचारून येणार आहे.